ड्रॅगनला अख्खं पान, लिव्हरवर्टला एक ओळ तरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोमोडो ड्रॅगनवर आलेला पानभर लेख मनापासून आवडला. छायाचित्रं उत्तम होती, माहिती नेटकी होती, आणि मुख्य म्हणजे वाचकाला भीती घालण्याऐवजी हा प्राणी का संपत चालला आहे ते समजावून सांगितलं होतं. लेखाच्या तळाशी ‘हेही धोक्यात’ अशी एक चौकट होती. वाघ, गेंडा, माळढोक, समुद्री कासव, देवमासा. वनस्पती एकही नाही. साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे ही उणीव लगेच दिसली आणि टोचलीसुद्धा. म्हणून हे पत्र. ते जरा लांबणार आहे. जागेअभावी कापावं लागलं तर ड्रॅगनबद्दलचं कापा, लिव्हरवर्टबद्दलचं राहू द्या.

लिव्हरवर्ट, म्हणजे यकृतका, बहुतेक वाचकांनी दहावी-बारावीच्या पुस्तकात पाहिलेली असते. ब्रायोफायटा (मॉस, लिव्हरवर्ट वगैरेंचा गट), रिक्सिया, मार्केंशिया, एक आकृती, दोन गुण. परीक्षा संपली की विषय संपला. प्रत्यक्षात पहिल्या पावसानंतर ओल्या भिंतीवर, दगडाच्या सावलीत, पायवाटेच्या कडेला चपटा हिरवा पापुद्रा पसरतो त्यात ती असते, आणि आपण तिला सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो. जगात हिच्या सात हजारांवर जाती आहेत. मूळ नाही, फूल नाही, बी नाही, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या नाहीत. अंगावर पडेल ते पाणी सगळ्या अंगानं शोषून घ्यायचं, ऊन तापलं की वाळून पडून राहायचं, पुन्हा ओल आली की हिरवं व्हायचं. अर्जेंटिनात सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सापडलेले बीजाणू लिव्हरवर्टसारख्याच वनस्पतींचे आहेत असं अभ्यासक मानतात, आणि जमिनीवर वनस्पती आल्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. पुढे जी जंगलं झाली, गवताळ रानं झाली, त्यात हरणं आली आणि हरणांमागे ड्रॅगन आले, त्या सगळ्याची सुरुवात अशा लहानग्या वनस्पतींपासून झाली आहे.

आता ड्रॅगनकडे. आपल्या लेखातली आकडेवारी बरोबर आहे, पण त्यातला एक मुद्दा मला आणखी उलगडावासा वाटतो. १९१२ मध्ये बोगोरच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख पीटर औवेन्स यांनी या सरड्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. तीन मीटरपर्यंत लांबी, सत्तर-ऐंशी किलो वजन. रान म्हणून त्याला जगात फक्त इंडोनेशियातली कोमोडो, रिंचा आणि आसपासची छोटी बेटं, आणि फ्लोरेस बेटाच्या पश्चिम-उत्तर किनाऱ्याचे काही तुकडे. १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९१ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत नाव गेलं. म्हणजे संरक्षण नव्हतं असं नाही. तरीही सप्टेंबर २०२१ मध्ये, मार्सेयच्या जागतिक परिषदेत, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेनं त्याला ‘असुरक्षित’ या वर्गातून काढून ‘संकटग्रस्त’ वर्गात टाकलं. प्रौढ प्राणी चौदाशेच्या आसपास.

उद्यानातल्या ड्रॅगनची संख्या स्थिर आहे, त्यांचं रक्षणही चांगलं होतं, असं आययूसीएनच त्या वेळी म्हणाली होती. मग श्रेणी का बदलली? एक कारण उद्यानाबाहेरचं. फ्लोरेसवर शेती, वस्ती आणि रानाची तोड यांनी त्याची जागा घटते आहे. दुसरं कारण उद्यानाच्या कुंपणाला जुमानणारं नाही. तापमान वाढेल, समुद्र चढेल, आणि त्याला राहण्याजोगी जागा पुढच्या ४५ वर्षांत किमान ३० टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज आहे. ड्रॅगन राहतो तो बेटांवरच्या सखल खोऱ्यांत. त्याला पोहता येतं, पण ज्या खोऱ्यात जन्मला ते सोडून तो सहसा जात नाही. पाणी चढलं म्हणून दुसऱ्या बेटावर संसार थाटेल अशी त्याची वृत्ती नाही. इतका ताकदवान प्राणी, पण घर सोडून जाणं त्याला जमत नाही.

माझ्या लिव्हरवर्टचं नेमकं उलट आहे. तिचं नाव मार्सुपेला प्रोफुंडा. ब्रिटनमध्ये ती फक्त कॉर्नवॉलमध्ये सापडते, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला. त्याखेरीज पोर्तुगाल, आणि अटलांटिकमधली मदैरा-अझोर्सकडची बेटं. एवढंच तिचं जग. आकार काही मिलिमीटर, रंग तांबूस-तपकिरी, लोखंडावर गंज चढल्यासारखा; इंग्रजांनी तिला नावही त्यावरूनच दिलं आहे. पण हिचे बीजाणू धुळीसारखे वाऱ्यावर जातात. दोन हजार किलोमीटर समुद्र मध्ये असताना ती अलीकडेही आहे आणि पलीकडेही आहे. घरकोंबडा आहे तो ड्रॅगन. ही मात्र मोठी प्रवासी.

मग ती दुर्मीळ का? कारण उतरायला तिला हवी तशी जागा फार थोडी आहे. तिला उघडा, ओलसर, भुसभुशीत झालेला ग्रॅनाइट लागतो, ज्यातलं फेल्डस्पार नावाचं खनिज कुजून चिनी माती झालेली आहे असा. शिवाय आजूबाजूला गवत नको, झुडूप नको, मोठं मॉससुद्धा नको. कुणाची सावली पडली की ती हटते. उघडा दगड मिळाला की पहिली येते, आणि तिच्यामागून बाकीची हिरवाई आली की तिचा निरोप घ्यायची वेळ होते.

माझी मुलगी कॉर्नवॉलमध्ये ट्रुरोला नोकरी करते. तिच्याकडे गेले असताना मी हट्टानं ट्रेगॉनिंग हिल पाहून आले. उंची दोनशे मीटरच्या आतच, आपल्या अजिंक्यताऱ्याशी तुलना नको. पण या टेकडीला चिनी मातीच्या इतिहासात मोठं स्थान आहे. विल्यम कुकवर्दी नावाच्या प्लिमथच्या औषध-विक्रेत्यानं १७४६ च्या सुमारास इथे चिनी माती ओळखली. तोवर पांढरीशुभ्र चिनी भांडी चीनमधून जहाजानं यायची. त्याच्या या शोधातून इंग्लंडमध्ये तशी भांडी बनू लागली, आणि पुढे सेंट ऑस्टेलच्या परिसरात मातीच्या खाणींचं मोठं साम्राज्य उभं राहिलं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं डोंगर धुऊन माती काढायची, उरलेल्या वाळूचे ढीग रचायचे. ते पांढरे ढीग आजही लांबून डोंगरांसारखे दिसतात. तिथल्याच एका संपलेल्या खाणीत २००१ मध्ये ईडन प्रोजेक्टची ती प्रसिद्ध काचघरासारखी घुमटं उभी राहिली, ती पाहायला जगभरातून लोक येतात.

आणि याच उकरलेल्या, टाकून दिलेल्या जागा आमच्या मार्सुपेलाला मानवल्या. ट्रेगॉनिंग हिल, लँड्स एंडच्या बाजूचे लोअर बोस्ट्रेझ आणि लेसविडन, आणि सेंट ऑस्टेलच्या मातीच्या खाणी, ही तिन्ही ठिकाणं युरोपीय कायद्याखाली विशेष संवर्धन क्षेत्रं म्हणून राखली गेली, ती मुख्यतः या एका लिव्हरवर्टसाठी. युरोपच्या अधिवास निर्देशात हिच्या नावापुढे तारांकित खूण आहे, म्हणजे अग्रक्रमाची जात. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या आठव्या परिशिष्टात तिचं नाव आहे. तिला तोडणं, उपटणं गुन्हा आहे. काही मिलिमीटरच्या, बिनफुलाच्या, ज्यातून खायला-प्यायला, औषधाला, शोभेला काहीही मिळत नाही अशा वनस्पतीला एखादा देश कायद्यात नावानिशी जागा देतो, हे कळलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

टेकडीवर जुन्या खड्ड्यांच्या कडेला बसून भिंगातून मी बराच वेळ दगड पाहिले. सगळीकडे हेदरची जांभळी झुडपं आणि गॉर्स नावाचं पिवळ्या फुलांचं काटेरी झाड. उघडा दगड फार थोडा. एका ठिकाणी पांढरट चुऱ्यावर तांबूस कोवळी पातळ साय होती. ती मार्सुपेला प्रोफुंडाच, असं मी ठामपणे म्हणणार नाही. तिच्या जवळच्या जाती इतक्या सारख्या दिसतात की सूक्ष्मदर्शक आणि सरावलेला तज्ज्ञ असल्याशिवाय ओळख पटत नाही, आणि खरवडून घरी न्यायची तर परवानगीच नाही. कॉर्नवॉलमध्ये राहून जीन पॅटन या बाईंनी कित्येक दशकं हेच काम केलं आणि १९९९ मध्ये ब्रिटिश बेटांवरच्या यकृतकांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. अशी माणसं असतात म्हणून अशा जातींना नावं मिळतात आणि मग कायद्याचं संरक्षण मिळतं. आपल्याकडे हे काम लाहोरच्या शिवराम कश्यपांनी सुरू केलं. पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातल्या लिव्हरवर्टवरचं त्यांचं काम १९२९ पासून ग्रंथरूपानं आलं, आणि भारतीय ब्रायोफायटा-अभ्यासाचे जनक म्हणून आजही त्यांचंच नाव घेतलं जातं. माझ्या विद्यार्थ्यांना मी ते नाव पाठ करायला लावत असे.

आता दोघांना शेजारी ठेवून पाहा. दोघंही धोक्यात. पण एकाला वाचवण्याचा उपाय दुसऱ्याच्या मुळावर येईल असा आहे.

ड्रॅगनला काय हवं? मोठं, सलग, माणसानं न ढवळलेलं रान. त्यात पुरेशी हरणं. ती रुसा हरणं, आपल्या सांबराच्याच प्रजातीगटातली. हरणांची चोरटी शिकार झाली की ड्रॅगन उपाशी. अंडी घालायला मोकळी जागा, आठ-नऊ महिने ती उबायला शांतता, आणि पिल्लांना चढून बसायला झाडं; कारण लहानपणी त्यांना सर्वांत मोठा धोका मोठ्या ड्रॅगनचाच असतो. थोडक्यात, ‘हात लावू नका’ हा त्याच्यासाठी योग्य नियम.

तोच नियम मार्सुपेलाला लावला तर ती दहा-वीस वर्षांत संपेल. कुंपण घाला, पाटी लावा, कुणी आत जाऊ नका म्हणा, आणि गॉर्स-हेदर वाढून दगड झाकून टाकतील. तिला अधूनमधून कुणीतरी झुडपं उपटून, माती खरवडून दगड उघडा करून द्यावा लागतो. पूर्वी हे काम खाणकामगारांच्या हातून न कळत होत होतं. खाण बंद पडली की आपण निसर्ग परत आला म्हणून आनंदतो. पण हिच्या दृष्टीनं तीच वाईट बातमी असते. अर्थात खाण जोरात चालू राहिली तर ज्या दगडावर ती वाढते तोच धुऊन निघतो. म्हणजे ना पूर्ण थांबलेलं, ना बेफाम चाललेलं. थोडं, ठरवून, ती कुठे आहे हे ठाऊक असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली ढवळणं. संवर्धन म्हणजे माणसाला बाहेर काढणं, एवढाच अर्थ ज्यांच्या मनात आहे त्यांनी या वनस्पतीचा विचार जरूर करावा.

आणखी एक फरक, जो वर्गात सांगताना मला नेहमी उत्साह यायचा. आपल्या आणि ड्रॅगनच्याही शरीरात प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. एका संचातलं जनुक बिघडलं तर दुसऱ्या संचातलं सांभाळून घेतं. लिव्हरवर्टचं जे हिरवं शरीर आपण पाहतो ते एकाच संचावर चालतं. बिघाड झाकायला दुसरी प्रत नाही. जे आहे ते उघड्यावर, आणि निसर्गाची परीक्षा थेट. वाढ मात्र तिला एकट्यानं करता येते: एक बीजाणू योग्य जागी पडला की नवं रोप सुरू, आणि कित्येक लिव्हरवर्ट तर अंगाचे बारीक तुकडे पावसाच्या थेंबांनी उडवूनही पसरतात.

ड्रॅगनच्या मादीनंही २००६ मध्ये सगळ्यांना चकित केलं होतं. इंग्लंडमधल्याच चेस्टर प्राणिसंग्रहालयात फ्लोरा नावाच्या मादीनं नराशी कधीही संबंध न येता अंडी घातली आणि पुढे त्यातून पिल्लं निघाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातही असं घडलं. ओसाड बेटावर एकट्या पोहोचलेल्या मादीला वंश सुरू करता यावा, अशी ही सोय असावी. पण अशी सगळी पिल्लं नर होतात, आणि त्यांच्यातली जनुकीय विविधता घटते. म्हणून छोट्या, तुटलेल्या समूहात ही सोय फार काळ तारून नेईल असं नाही. एवढा अवाढव्य प्राणी आणि एवढीशी वनस्पती, एकट्यानं टिकून राहण्याची वाट दोघांनीही काढली आहे, हे मला आजही नवलाचं वाटतं.

लक्ष आणि पैसा या बाबतीत मात्र तुलनाच होत नाही. ड्रॅगन पाहायला फ्लोरेसवरच्या लाबुआन बाजोला विमानं भरून माणसं जातात. त्या गर्दीचं काय करायचं हा इंडोनेशियापुढचा खरा प्रश्न आहे. २०१९ मध्ये कोमोडो बेट पर्यटकांना बंद करून तिथल्या गावकऱ्यांना हलवण्याची भाषा झाली आणि मग ती मागे घेतली गेली. गावकरी ड्रॅगनला ओरा म्हणतात, आणि एकाच आईच्या पोटी माणूस आणि ओरा अशी जुळी भावंडं जन्मली अशी त्यांची कथा आहे. त्यांना हलवून ओराला वाचवायचं, हे मला कधीच पटलं नाही. २०२२ मध्ये प्रवेशशुल्क साडेसदतीस लाख रुपिया, म्हणजे सुमारे अडीचशे डॉलर, करण्याची घोषणा झाली. पर्यटनावर पोट असलेल्यांनी संप केला आणि तोही बेत बारगळला. ड्रॅगनचं भलं-बुरं या सगळ्या ओढाताणीत अडकलेलं आहे. पण निदान त्याच्यावर वाद होतो, बातम्या होतात, पैसा येतो.

मार्सुपेला पाहायला विमान कोण पकडणार? आणि तिला विमानाचा पैसा नकोच आहे. काही स्वयंसेवक, कोयते, फावडी, आणि त्यांच्याबरोबर लिव्हरवर्ट ओळखणारा एक जाणकार, एवढ्यावर तिची एखादी जागा उघडी राहू शकते. ‘वाचवायचं तर कुणाला, ड्रॅगनला की शेवाळाला?’ असा प्रश्न मला विद्यार्थी विचारत. मी त्यांना हेच सांगत असे की हा पैसा एका पिशवीतला नाही. ड्रॅगनसाठीचा एक रुपयाही न काढता हिचं काम होतं. अडतं ते पैशापाशी नाही, ती आहे हेच कुणाला ठाऊक नसल्यापाशी अडतं.

आययूसीएनच्या लाल यादीची, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीची, मला आवडणारी गोष्ट हीच. तिथे जात किती देखणी, किती मोठी याला गुण नाहीत. संख्या किती, घट किती वेगानं, किती जागेत पसरली आहे, त्या जागेचे किती तुकडे झाले आहेत, एवढंच पाहिलं जातं, आणि ते मोजमाप ड्रॅगनला आणि लिव्हरवर्टला एकच आहे. युरोपातल्या मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्टचा हिशेब २०१९ मध्ये त्या पद्धतीनं मांडला गेला तेव्हा २२.५ टक्के जाती धोक्यात निघाल्या. जवळजवळ चौथा हिस्सा. तुलना करा: युरोपातल्या चौथ्या हिश्श्याइतक्या पक्ष्यांवर अशी पाळी आली असती तर पहिल्या पानावर बातमी आली असती.

हे सगळं इंग्लंड-इंडोनेशियाचं झालं. पण महाराष्ट्रातही हे दोघं आहेतच. ड्रॅगनची सख्खी नातलग आपली घोरपड, त्याच कुळातली. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. तरी मांसासाठी, तेलासाठी मारली जाते. शिवाय ‘हाथाजोडी’ नावाचं एक ‘दैवी मूळ’ धन लाभावं म्हणून विकलं जातं; ते मूळ नसून नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. म्हणजे प्राणी मारून त्याला वनस्पती म्हणून विकायचं. घरात कुणी असं काही आणलं असेल तर वाचकांनी समजून घ्यावं की ते बाळगणं हाही गुन्हा आहे.

आणि लिव्हरवर्ट? १९७२ चा वन्यजीव कायदा झाला तेव्हा त्यात वनस्पतींसाठी वेगळं प्रकरण नव्हतं. ते १९९१ च्या दुरुस्तीनं आलं आणि सहाव्या परिशिष्टात सहा नावं घातली गेली: बेडोमचा सायकस, निळा वांडा, तांबडा वांडा, कुठ नावाची औषधी वनस्पती, लेडीज स्लिपर ऑर्किड आणि घटपर्णी. सगळ्या आपापल्या परीनं महत्त्वाच्या. पण त्या सहांत ब्रायोफायटातलं एकही नाव नव्हतं.

आमच्या साताऱ्याच्या पठारांवर, कासला, यवतेश्वरला, जांभ्या दगडावर पाऊस स्थिरावला की फुलांच्या आधी याच वनस्पती येतात. रिक्सियाची चकत्यांसारखी वर्तुळं पायवाटेच्या मातीत, प्लॅजिओकाझ्मा भिंतींच्या फटीत, आणि जांभ्याच्या कपारीत, जिथे उजेड जेमतेम पोहोचतो तिथे, सायथोडियम. त्या अंधुक उजेडात सायथोडियमवर एक सोनेरी-हिरवी झळाळी दिसते, ती एकदा पाहिली की माणूस विसरत नाही. भाद्रपदात फुलं पाहायला हजारो गाड्या येतात तेव्हा यातलं बरंचसं आटोपलेलं असतं. कासच्या पठारावर कुंपण असावं की नसावं, गुरं चरू द्यावीत की नाहीत, यावर साताऱ्यात बराच वाद झाला. त्या वादात फुलांबद्दल पुष्कळ बोललं गेलं. ज्या उघड्या मातीवर रिक्सिया येते ती चराई बंद झाल्यावर उंच गवताखाली जाते का, हे मात्र कुणी विचारलेलं माझ्या कानावर आलं नाही. कॉर्नवॉलचा धडा इथे जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही; पठार वेगळं, पाऊस वेगळा. पण प्रश्न तोच आहे आणि तो कुणीतरी पावसाळाभर पठारावर बसून, चौकटी आखून, मोजून पाहायला हवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. महाविद्यालयांत एमएस्सीची मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांना हा विषय द्यावा.

गडांबद्दलही एक विनंती आहे. गडसंवर्धनाची मोठी लाट आली आहे आणि तरुण मुलं मनापासून राबतात, त्यांचं कौतुकच आहे. पण तटाच्या दगडावरचा हिरवा थर म्हणजे घाण, असं समजून तो तारेच्या ब्रशनं घासून काढला जातो, काही ठिकाणी तणनाशकही मारलं जातं. वड-पिंपळाची मुळं तट फोडतात, ती काढलीच पाहिजेत. लिव्हरवर्टला मूळच नाही, ती तट फोडत नाही. मोहिमेआधी जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या शिक्षकाला बोलावून भिंत दाखवावी, काय काढायचं आणि काय राहू द्यायचं ते ठरवावं, आणि मगच हात घालावा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आपल्याकडे माझं मागणं असं. पुढच्या वेळी लाल यादी अद्ययावत झाल्याची बातमी येईल तेव्हा तिच्यातल्या वनस्पतींची नावंही छापा, आणि ज्यांचं छायाचित्र मिळत नाही त्यांचीही छापा. घोरपड आणि हाथाजोडीवर स्वतंत्र लेख करा, त्याची गरज आहे. आणि येत्या जूनमध्ये पुरवणीचं अर्धं पान सड्यांवरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारांवरच्या, पहिल्या हिरवाईला द्या. छायाचित्रकार पाठवणार असाल तर मृग लागल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, आणि त्यांच्याजवळ मॅक्रो लेन्स आणि गुडघ्याखाली घ्यायला एखादं पोतं असावं. यवतेश्वरच्या वरच्या बाजूला कुठे थांबायचं, कुठल्या कपारीत सायथोडियम असतं, हे दाखवायला मी येईन. माझे काही जुने विद्यार्थी आता शिक्षक आहेत, तेही येतील. नक्की जागा मात्र छापू नयेत, एवढी एकच अट.

आपली नम्र,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका, सातारा